प्रतिजैविकांचा विवेक (लेखांक ४) : लघवीतील जिवाणू आणि शुश्रूषागृहातील निर्णय

जिवाणूंमध्ये औषधप्रतिरोध कसा निर्माण होतो, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. वृद्ध आणि परावलंबी व्यक्ती जेथे वर्षानुवर्षे राहतात, त्या दीर्घकालीन शुश्रूषागृहांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण तेथील निवासी दुर्बल असतात, एकाच छताखाली राहतात आणि डॉक्टर पुष्कळदा परिचारिकेने दूरध्वनीवर दिलेल्या माहितीवरूनच औषध ठरवतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या माहितीनुसार, तेथील शुश्रूषागृहांत वर्षभरात ७० टक्क्यांपर्यंत निवाशांना प्रतिजैविके दिली जातात आणि त्यांपैकी ४० ते ७५ टक्के वापर अनावश्यक किंवा अयोग्य असू शकतो.

या अनावश्यक वापराचे एक मोठे मूळ लघवीच्या तपासणीत आहे. कोणताही त्रास नसताना लघवीत जिवाणू आढळणे, म्हणजेच लक्षणरहित जिवाणूमूत्रता, ही अवस्था अशा ठिकाणी राहणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे २५ ते ५० टक्के आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के जणांत आढळते. तिच्यावर उपचार केल्याने वृद्धांना लाभ होत नाही, उलट औषधाचे दुष्परिणाम आणि प्रतिरोधक जिवाणू मात्र वाट्याला येतात. तरीही एखादा निवासी गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा लघवीला वास आला की नमुना प्रयोगशाळेत जातो, त्यात जिवाणू सापडतात आणि शरीरातील पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठता किंवा दुसऱ्या एखाद्या औषधाचा परिणाम यांसारखे खरे कारण शोधायचे राहून जाते.

यावर उपाय म्हणून २००१ मध्ये मार्क लोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किमान निकष मांडले. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, नसलेल्या निवाशाला लघवी करताना नव्याने जळजळ होत असेल, किंवा ताप असून त्यासोबत वारंवार लघवी होणे, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त जाणे अशांपैकी निदान एक लक्षण असेल, तरच उपचार सुरू करावा, असे त्यांचे सार आहे. ऑन्टॅरिओ आणि आयडाहो येथील २४ शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा निकषांवर आधारित पद्धतीमुळे मूत्रसंसर्गाच्या संशयावरून दिली जाणारी प्रतिजैविके कमी झाली, परंतु रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण किंवा मृत्यू यांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून लक्षणे स्पष्ट नसतील आणि प्रकृती स्थिर असेल, तेव्हा पाणी पाजत, ताप व नाडी पाहत सावध निरीक्षण करणे हाही उपचारच आहे. मात्र प्रकृती वेगाने ढासळत असेल, तर डॉक्टरांना तातडीने बोलावलेच पाहिजे.

अतिवापराची हानी औषध घेणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. ऑन्टॅरिओतील शुश्रूषागृहांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की जेथे प्रतिजैविकांचा एकूण वापर अधिक होता, तेथे ती न घेतलेल्या निवाशांनाही संबंधित दुष्परिणामांचा धोका अधिक होता. हा प्रश्न असा सामूहिक असल्यामुळे नोव्हेंबर २०१७ पासून अमेरिकेतील सरकारी विमायोजनांशी संलग्न शुश्रूषागृहांना प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवणारा कार्यक्रम बंधनकारक करण्यात आला. तथापि नियमाचे यश निवाशाच्या खाटेपाशी ठरते. कारण दूरध्वनी करण्यापूर्वी परिचारिका कोणती लक्षणे तपासते आणि कोणती नोंदवते, यावर डॉक्टरांचा निर्णय उभा राहतो आणि म्हणून तिला प्रशिक्षण, वेळ व अधिकार देणे ही व्यवस्थापनाची पहिली जबाबदारी ठरते.

पुढील लेखांकात : प्रतिजैविके किती दिवस द्यावीत?