हार्ड डिस्कचे दुखणे : आधी प्रत, मग निदान

घरातला संगणक मंदावला, मधूनमधून ‘हँग’ होऊ लागला, की बहुतेकांचा पहिला संशय व्हायरसवर जातो. अँटीव्हायरस चालवला जातो, नको असलेले प्रोग्रॅम काढून टाकले जातात आणि तरीही फरक पडला नाही, तर विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळतो. खरे दुखणे हार्ड डिस्कचे असेल, तर मात्र हा उपचारच घातक ठरू शकतो.

नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या गतीने फिरतात. त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून ‘हेड’ माहिती वाचत आणि लिहीत असते. हे हेड चकतीला घासले, तर लेप खरवडला जातो आणि तेथील माहिती कायमची नष्ट होते. म्हणूनच आजारी डिस्क जितकी जास्त चालवावी, तितके नुकसान वाढत जाते.

लक्षणे ओळखणे फारसे अवघड नाही. ठरावीक फाइल उघडताना किंवा कॉपी करताना संगणक दर वेळी त्याच ठिकाणी अडतो, फोल्डर अचानक दिसेनासे होतात, संगणक सुरू होताना डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे डिस्कमधून लयीत येणारा ‘टक्-टक्’ आवाज. तो ऐकू येताच संगणक बंद करावा आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. माहिती मोलाची असेल, तर डिस्क थेट माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडेच न्यावी. ती फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगाही टाळावा, कारण त्यामुळे आत दव धरते.

आवाज नसेल, तर डिस्कमधील ‘स्मार्ट’ ही स्वयंतपासणी यंत्रणा उपयोगी पडते. तिच्या नोंदी विंडोजमध्ये ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅमद्वारे पाहता येतात. त्यातील तीन नोंदी प्रामुख्याने पाहाव्यात. क्रमांक ५ खराब झाल्याने बदललेले सेक्टर दाखवतो, १९७ संशयित सेक्टर, तर १९८ वाचता न आलेले सेक्टर. हे आकडे वाढत असतील, तर डिस्क बदलणेच श्रेयस्कर. केवळ १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलल्यावर जुना आकडा पुसला जात नाही; तो पुढे वाढत नाही ना, एवढेच पाहायचे.

या नोंदींवर कितपत विसंबावे? गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसले. मात्र निकामी झालेल्या ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख नोंदींपैकी एकीतही आधी दोष दिसला नव्हता. तात्पर्य, अहवाल वाईट असेल तर तो गंभीरपणे घ्यावा; चांगला असेल तर निर्धास्त राहू नये.

म्हणूनच संशय येताच पहिले काम निदानाचे नव्हे, प्रत काढण्याचे. पुन्हा न मिळणारी छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. चित्रपट आणि प्रोग्रॅम नंतरही मिळतात. ‘चेकडिस्क’ची दुरुस्ती, डीफ्रॅगमेंटेशन किंवा विंडोज नव्याने टाकणे हे सारे त्यानंतर. संपूर्ण डिस्क वाचणारी तपासणी आजारी डिस्कवर मोठा ताण आणते आणि दुरुस्तीच्या भरात फाइलींची मूळ मांडणीही बदलू शकते.

नव्या संगणकांतील एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. त्यामुळे ती आवाज न करता, अनेकदा पूर्वसूचनेविना बंद पडते. तिच्याबाबतीत तर लक्षणांची वाट पाहण्यात अर्थच नाही. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत संगणकाबाहेर असणे, हीच खात्रीची तजवीज.