कुणाचा पठ्ठा?

मुळशीतल्या यात्रेच्या आखाड्यात पैलवान उतरला की हलगी जरा दमानं वाजायला लागते आणि निवेदक तीन गोष्टी पुकारतो: नाव, गाव आणि कुणाचा पठ्ठा. पहिल्या दोन गोष्टी एका दमात होतात. तिसरी अलीकडे होत नाही. ‘मूळचा गावच्या तालमीचा, नंतर पुण्यात अमक्या वस्तादांकडं, मधे कोल्हापूर, सध्या सराव कात्रजला’ एवढं सांगून होईपर्यंत पैलवान माती कपाळाला लावून, सलामी झडवून मोकळा झालेला असतो. कट्ट्यावरची म्हातारी मंडळी मग हमखास कुरकुरतात. एक तालीम, एक वस्ताद, हा त्यांचा हिशेब.

मला तो हिशेब पटत नाही. पौडच्या अलीकडच्या एका गावातला एक पैलवान मी गेली काही वर्षं पाहतो आहे. नाव छापत नाही, कारण पुढच्या निवड चाचणीला त्याला अजून उभं राहायचंय आणि कुठल्या जिल्ह्याकडून, हे ठरायचंय. वय चोविशीच्या आसपास, दोन्ही कान मोडलेले, उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेची खूण. चार तालमी झाल्या. त्यातली एकही त्यानं रुसून किंवा भांडून सोडलेली नाही.

पहिली तालीम गावातली. पत्र्याची शेड, कोपऱ्यात शेंदराचा मारुती, मधे हौदा. लाल माती चाळून आणायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर, काव घालायची आणि रोज फावड्यानं खालीवर करायची. हौदा उकरणं हीच लहान पोरांची पहिली मेहनत. खांदे आणि कंबर तिथंच तयार होतात. मुळशीचा पाऊस मात्र या कामाचा वैरी. ताम्हिणीकडून ढग उतरले की हौद्यातली माती दसऱ्यापर्यंत धड वाळत नाही, गोळ्यागोळ्यानं अंगाला चिकटते. मग जोर, बैठका, सपाट्या आणि दोरावर चढणं एवढ्यावर पावसाळा काढायचा. वस्ताद शेतकरी. सकाळी दूध घालून यायचे, पोरांची मेहनत करून घ्यायचे आणि शेतावर जायचे. फी वगैरे काही नाही. गुरुपौर्णिमेला नारळ आणि टॉवेल-टोपी.

ही तालीम सुटली ती वजनामुळं. सोळाव्या-सतराव्या वर्षी पोरगं ऐंशी किलोच्या वर गेलं आणि त्याच्याशी लढायला गावात कुणी उरलं नाही. कुस्तीत याला जोड म्हणतात. जोर-बैठका एकट्यानं मारता येतात, लढत एकट्यानं होत नाही. आपल्या वजनाचा किंवा थोडा भारी जोडीदार रोज अंगावर आला नाही, तर पैलवान नुसता फुगतो. वस्तादांनी स्वतःच सांगितलं, ‘आता इथं तुझं काय नाय. पुण्यात जा.’ आणि स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून त्याला पेठेतल्या तालमीत नेऊन सोडलं.

नव्या तालमीतली पहिली संध्याकाळ बघण्यासारखी असते. अशी एक मी कठड्याला टेकून पाहिली आहे. नव्या पोरानं मारुतीपुढं नारळ फोडला, वस्तादांच्या पाया पडला, लांघ कसली आणि हौद्यात उतरला. पहिला जोडीदार त्याच्यापेक्षा हलका होता. त्याला पोरानं लगेच एकेरी पट काढून खाली घेतलं. वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली आणि दुसरा ताजा गडी उतरला. मग तिसरा. नव्याला विश्रांती नाही, जुने मात्र आळीपाळीनं ताजे. चौथ्या गड्यापाशी पोराची मान खाली आली, पाय मातीत रुतले, हात नुसते समोरच्याच्या मनगटाशी खेळत राहिले. वस्ताद हेच बघत होते. पहिल्या पटाचं कौतुक कुणालाच नव्हतं. दम संपल्यावर पोरगं पाठ देतं की छाती, एवढंच त्यांना हवं होतं. पोरानं पाठ दिली नाही. रात्री त्याला झोपायला जागा मिळाली, भिंतीच्या बाजूची.

पेठेतल्या तालमींना मोठी परंपरा आहे. चिंचेची तालीम, खालकर तालीम, गोकुळ वस्ताद, शिवरामदादा, निंबाळकर, जगोबादादा ही नावं पुण्यात पत्ता सांगायलाही चालतात. पण जागा जुन्या वाड्यांतल्या, आणि गादी अंथरायची तर हौद्यावर फळ्या टाकाव्या लागतात. आमच्या पैलवानाची खरी अडचण तिथंच सुरू झाली. गावाकडं त्याचा हुकमी डाव होता ढाक. एका हातानं समोरच्याची मान, दुसऱ्यानं दंड आवळायचा, झटक्यात पाठ फिरवायची आणि त्याला कमरेवरून पलीकडं टाकायचा. मातीत या डावाला उसंत मिळते. माती पाय धरते, समोरचाही सावकाश सरकतो, आणि निकाली कुस्तीत गुण मोजायचे नसतात. गादीवर बूट घातलेला गडी त्याच क्षणी पाठीमागं निसटतो. डाव फसला की आपणच त्याला पाठ दिलेली असते, त्याचे दोन गुण झाले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, त्यात दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. अशा खेळात दोन गुण म्हणजे चैन नव्हे.

नव्या वस्तादांनी त्याचा ढाक बंदच केला. बरेच महिने. गुडघे वाकवून, हात पुढं, कोपरं बरगड्यांना लावून उभं राहायचं आणि फक्त पटात शिरायचं. मी सरावाला जायचो तेव्हा त्याचे हात बघायचो. सवयीनं उजवा हात मानेकडं निघायचा, अर्ध्या वाटेवर थांबायचा आणि मनगटावर यायचा. त्या अर्ध्या वाटेत जेवढा वेळ जायचा तेवढ्यात समोरचा पायात शिरलेला असायचा. तालीम बदलली की पैलवान मागं पडतो असं लोक म्हणतात, ते याच दिवसांवरून. शिकलेलं पुसायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. पुढं तो कोल्हापूरला गेला तेव्हा तिथल्या वस्तादांनी नेमका ढाकच मागितला आणि पुन्हा उलटी गाडी सुरू झाली. आज त्याच्याकडं दोन्ही आहेत. हे एका तालमीत राहून झालं नसतं.

पैलवानानं घर बदलण्याची रीत आजची नाही. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. वडिलांच्या हाताखाली सुरुवात, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिक्षण आणि तिथल्या वस्तादांकडं मेहनत. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडचे, घडले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत, १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, १९७० ला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, आणि नंतर पुण्यात येऊन त्यांनी गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. त्यातला एक बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. २०११ ला बिराजदार गेले आणि राहुल वस्ताद काका पवारांकडं गेला. २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ चं जागतिक कांस्य त्यानंतरचं. आता राहुल कुणाचा पठ्ठा? माझ्या मते दोघांचाही, आणि त्याआधी ज्यानं पाटोद्यात त्याला लंगोट बांधायला शिकवला त्याचाही.

एवढ्यापर्यंत सगळं सरळ आहे. गुंता पुढं आहे, जिल्ह्यांचा.

महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता यांच्यात शेवटची कुस्ती होते. तिथवर पोचायला आधी आपल्या जिल्ह्याचं तिकीट लागतं, आणि ते माती-गादी मिळून दोनच. पुण्यासारख्या जिल्ह्यात या वजनाचे तगडे गडी एकमेकांच्या पायांत घुटमळतात, आणि काही जिल्ह्यांना या गटात माणूस मिळत नाही. मग पैलवान तिकडून उतरतो. जानेवारी २०२३ ला कोथरूडला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. गडी राजगुरुनगरचा, खेळला नांदेडकडून. त्यानं पाडलेला महेंद्र गायकवाड सोलापूरचा, आणि मेहनत करायला दोघेही काका पवारांकडं. सिकंदर शेख सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा, घडला गंगावेश तालमीत, उतरला वाशिमकडून, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला शिवराजला पाडून गदा घेऊन गेला. जानेवारी २०२० ला बालेवाडीत तर शेवटची कुस्तीच नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर आणि लातूरच्या शैलेश शेळके यांच्यात लागली. दोघेही एकाच संकुलात राहणारे, एकाच वस्तादाचे. जिंकल्यावर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर घेतलं. तो स्वतः नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा, सुरुवात भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत.

यात कुणी काही लपवत नाही, सगळं वर्तमानपत्रात छापून येतं. पण नांदेडमध्ये, वाशिममध्ये एखादं पोरगं मातीत राबत असेल तर त्याच्या तिकिटाचं काय, हा प्रश्न मला सतावतो. आमच्या पैलवानालाही गेल्या खेपेला एका लांबच्या जिल्ह्यातून बोलावणं आलं होतं. त्यानं मला विचारलं, ‘सर, जाऊ का?’ मी गप्प बसलो. तो गेला, आणि दुसऱ्या फेरीत हरून आला.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातानं चेंडू फेकायच्या फुटबॉलमध्ये, हेच घर बदलणं कॉलेजांच्या पातळीवर चालतं. क्वार्टरबॅक हा तिथला मोक्याचा खेळाडू, चेंडू कुणाला द्यायचा हे त्याच्या हातात, आणि एका संघात तो एका वेळी एकच. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा वर्षानुवर्षं बाकावर बसतो. म्हणून तो कॉलेज बदलतो. पूर्वी बदलल्यावर एक वर्ष खेळता यायचं नाही. २०२१ पासून पहिल्या बदलीला ती अट उरली नाही. जो बरो ओहायो स्टेटला बाकावर बसून लुइझियानाला गेला आणि २०१९ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. कॅम वॉर्ड तीन कॉलेजं फिरला आणि २०२५ ला व्यावसायिक संघांच्या निवडीत सगळ्यात पहिला उचलला गेला. तिथले जुने लोकही आपल्या कट्ट्यावरच्यांसारखेच कुरकुरतात म्हणे. फरक एवढाच, की तिथं बदलीची जाहीर नोंद होते. कोण निघाला, कुठं चालला, सगळ्या जगाला दिसतं. आपल्याकडं ते एका ना-हरकत पत्रावर आणि चार फोनांवर भागतं.

मुळशीत या सगळ्याला जमिनीच्या पैशाचा आणखी एक पदर आहे. हिंजवडी-माणला आयटी आली, पिरंगुटला कारखाने आले, भूगाव-बावधनला इमारती आल्या आणि तालुक्यात खुराकाचा प्रश्न बराचसा मिटला. बदाम, खारीक, खसखस, तूप यांचा महिन्याचा खर्च इथं एखादा हौशी गुंठेवाला सहज उचलतो. भूगावनं तर डिसेंबर २०१७ ला अख्खी महाराष्ट्र केसरी स्पर्धाच भरवली. वाघोलीच्या अभिजित कटकेनं साताऱ्याच्या किरण भगतला हरवलं ते तिथंच. पण पैसा देणारा पैलवानाला आपला म्हणायला लागतो. कुठल्या तालमीत राहायचं, कुठल्या मैदानाला जायचं, यात तो बोलू लागतो. आमच्या पैलवानाची कोल्हापूरची मेहनत रंगात आली असताना तिसरी बदली झाली ती अशीच. वस्तादांचं मन नव्हतं, त्याचंही नव्हतं. गुडघा दुखावला तो त्याच वर्षी, आणि खर्च करणारा शस्त्रक्रियेनंतर फिरकला नाही. तिन्हींतली ही एकच बदली मला चुकीची वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला मुठ्याच्या पृथ्वीराज मोहोळनं महाराष्ट्र केसरी जिंकली तेव्हा तालुक्यात दिवाळी झाली. ज्या मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ ती गदा दिली जाते तेही मुळशीचेच. त्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून रणकंदन झालं, शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, शेवटची कुस्ती महेंद्र गायकवाडनं अर्धवट सोडली, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. चर्चा त्याचीच जास्त झाली. मिरवणुकीत मात्र मी गावोगावचे जुने वस्ताद शोधत होतो. ते मागं, ट्रॅक्टरच्याही मागं चालत होते.

जगाच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे पायानं खेळायच्या, फिफाचा एक नियम आहे. खेळाडू मोठ्या रकमेला दुसऱ्या क्लबकडं गेला की त्या रकमेतले ५ टक्के, त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांपर्यंत ज्या-ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटले जातात. कुठल्या गल्लीतला क्लब असला तरी त्याचा वाटा त्याला मिळतो. आपल्या यात्रांना फिफाची परवानगी लागत नाही. चैत्रात गावकीची बैठक बसते, वर्गणी ठरते, पहिल्या नंबरची कुस्ती किती इनामावर नेमायची ते ठरतं. त्याच बैठकीत ठरवा, की मोठ्या कुस्तीच्या इनामातले शंभराला पाच रुपये जिंकणाऱ्याच्या पहिल्या तालमीला जातील, रोख, आखाड्यातच, त्या वस्तादांच्या हातात. पैलवानानं मग चार काय, आठ तालमी बदलाव्यात. मुळशीतल्या यात्रा कमिट्यांनी येत्या चैत्रात याची सुरुवात करावी, ही विनंती.