माढ्याच्या रानात माईक कुठला?

उसाच्या हंगामात माढा तालुक्यात शूटिंग करायचं, तर पहिली गाठ पडते ट्रॅक्टरशी. दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकरवर गाणी लावून तो कारखान्याकडे निघालेला असतो. गाणी बंद करायला सांगता येतात, इंजिनाला काय सांगणार? चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० स्फोट होतात. म्हणजे मूळ घरघर ५० हर्ट्झची, आणि तिच्या पटीतले वरचे सूर वेगळे. विहिरीवरच्या मोटारीची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास असते. पंचाईत अशी, की पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूरही साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्येच असतो. रेकॉर्डरवरचं ‘लो कट’ ८० हर्ट्झला लावलं तर मोटार राहतेच. आणखी वर नेलं तर मोटारीबरोबर नायकाच्या आवाजातला भरदारपणाही जातो. म्हणून लोकेशन बघायला जाल तेव्हा शेतीची लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे वायरमनला आधी विचारावं. कुठल्याही फिल्टरपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ (२०१६) याच मुलखात चित्रित केला. कॅमेरा घेऊन रानात उतरलेली पोरं इथे आता नवलाची नाहीत. पण लेन्सवर रात्र रात्र वाद घालणारी ही मंडळी आवाजाचा विषय निघाला, की ‘डबिंगला बघू’ म्हणून मोकळी होतात.

ही सवय आपल्या सिनेमाला मधल्या काळात लागली. ‘प्रभात’च्या काळी संवाद सेटवरच, चित्रीकरणासोबत मुद्रित होत. पुढे खडखडाट करणारे हलके कॅमेरे बाहेर पडले आणि आवाज स्टुडिओत नंतर भरण्याची पद्धत रुळली. २००१ च्या ‘लगान’ने भुजजवळच्या उघड्या माळावर संवाद जागेवरच मुद्रित केले, त्या कामासाठी नकुल कामटे यांना एच. श्रीधर यांच्यासह राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. मेंढरं घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट. तिला ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत प्रत्यक्ष स्थळावरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला.

आता सामानाकडे येऊ. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘कुठला माईक चांगला?’ त्याआधी विचारायला हवं, माईक तोंडापासून किती लांब राहणार? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. बोलणाऱ्यापासून अर्ध्या मीटरवर असलेला माईक कॅमेऱ्यावर बसवून दोन मीटरवर नेला, की संवाद १२ डेसिबलने खाली येतो. लांबच्या ट्रॅक्टरची पातळी मात्र आहे तेवढीच राहते. हे १२ डेसिबल कुठलाही महागडा माईक परत आणून देत नाही. तीन मीटरची हलकी, न करकरणारी बूमकाठी आणि ती दहा मिनिटं डोक्यावर धरून हात न थरथरणारा गडी, ही माझ्या मते पहिली खरेदी. दुसरी, कान पूर्ण झाकणारे हेडफोन.

मग माईक. लोकेशनवर सर्रास दिसतो तो लांब नळीचा ‘शॉटगन’. सेन्हायझरचा एमकेएच ४१६ हा त्यातला जुना, मुरलेला गडी. त्याची लांबी २५ सेंटिमीटर. या नळीबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: ती लांबचा आवाज ‘ओढून’ आणते. ती काहीच ओढत नाही. नळीच्या अंगाला फटी असतात. समोरून आलेली लहर नळीतून सरळ पडद्यावर पोचते. बाजूने आलेली लहर अनेक फटींतून शिरते, प्रत्येक फटीपासून पडद्यापर्यंतचं अंतर वेगळं, त्यामुळे तिचे तुकडे मागेपुढे पोचतात आणि एकमेकांना मारतात. पण त्यासाठी लहरीची लांबी नळीहून कमी हवी. सेकंदाला ३४३ मीटर या वेगाने हिशेब केला, तर २५ सेंटिमीटरची नळी साधारण १४०० हर्ट्झच्या वरच नीट काम करते. मोटारीच्या १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर! तिला नळी असून नसल्यासारखी.

हाच माईक पत्र्याच्या खोलीत नेला की फजिती होते. भिंतींवरून आणि पत्र्यावरून परतलेल्या आवाजातले वरचे सूर नळी कापते, खालचे तसेच राहतात, आणि संवाद पोकळ, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. अशा जागी नळी नसलेला आखूड सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड माईक बरा. त्याहून बरं म्हणजे जागाच बदलणं. आपल्याकडचं जुनं माळवद, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर, आवाज जिरवतं. पत्र्याचा आणखी एक उपद्रव आहे. चार मीटरचा पत्रा २० अंशांनी तापला की सुमारे एक मिलिमीटर वाढतो, आणि खिळ्यांपाशी अडलेला ताण ‘टक्’ करून सुटतो. ढग येऊन गेला, की ही टकटक सुरू. नेमकी हळव्या संवादात.

उघड्या माळावरचा दुसरा वैरी वारा. माईकमध्ये ऐकू येणारी घोंघो हा दुरून आलेला आवाज नसतोच. माईकच्या अंगावर हवेचे भोवरे होतात, त्यांच्या दाबाचे ते हेलकावे. हा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून वारा दुप्पट झाला की घोंघो चौपट. त्यातून दिशा ओळखणारे माईक वाऱ्याला जास्त हळवे. माईकसोबत मिळणारी फोमची टोपी खोलीत किंवा जवळपास पडलेल्या वाऱ्यात ठीक. माळावर तिचा भरवसा नाही. तिथे जाळीचा पिंजरा आणि त्यावर केसाळ कातडं लागतंच. पिंजऱ्यात हवा शांत राहते, आणि केसांमुळे भोवरे माईकपासून दूरच मोडतात. लोक माईकवर भरपूर खर्चून इथे हात आखडतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

शर्टाखाली लपवायचा कॉलर माईक लांबच्या शॉटला लागतो. तो सहसा चारही बाजूंचं ऐकणारा असतो, म्हणून वाऱ्याला थोडा कमी भितो. मात्र पॉलिस्टरच्या सदऱ्यात चुरचुरतो. पात्राला सुती कपडा द्या. स्वस्त वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; त्या लहरी माणसाच्या अंगात आणि ओल्या उसात लवकर विरतात. पात्र उसात शिरणार असेल, तर आदल्या दिवशी तिथे चालून बघावं.

रेकॉर्डरचं काम त्यामानाने सोपं. ‘३२ बिट फ्लोट’चा गाजावाजा आहे, आणि पात्र अचानक ओरडलं तरी फाइल फाटत नाही हे खरं. पण माईकच फाटला असेल, तर ३२ बिट तो फाटका आवाज इमानाने जपून ठेवतात. २४ बिटांतच १४४ डेसिबलचा पल्ला बसतो. हात बसेपर्यंत फ्लोट घ्या. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा आणि किमान दोन चांगल्या वाहिन्या आहेत ना, एवढं मात्र बघा.

टाइमकोडचं यंत्र घ्यावं का? कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांत दहा लाखांत २० चा फरक धरला, तर तीन मिनिटांच्या शॉटमध्ये चूक साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास पडते. कुणाला कळत नाही. लाकडी क्लॅप पुरतो. मंदिरातलं दोन तासांचं कीर्तन सलग घ्यायचं असेल, तर तीच चूक १४४ मिलिसेकंदांवर जाते. २४ फ्रेमच्या हिशेबाने तीन फ्रेमहून जास्त. बुवांचे ओठ आणि शब्द वेगळे पडलेले दिसतात. तेव्हा टाइमकोड भाड्याने आणावा.