पोट दुखतंय, मग सलाईनवर सलाईन का?

नाशिकहून तुमचा दोस्त पुन्हा हजर. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण मागच्या महिन्यात एका मित्राचे वडील ॲक्युट पँक्रियाटायटिसने ॲडमिट झाले. म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. दीड दिवस घरी सगळे "ॲसिडिटी असेल" म्हणत बसले होते. मित्राने मला विचारलं, "दुखतंय पोट, मग इतकं सलाईन कशाला? आणि आता श्वास लागतोय, फुप्फुसाचा काय संबंध?"

उत्तर रक्तवाहिन्यांमध्ये आहे.

स्वादुपिंड अन्न पचवणारी रसायनं बनवतं. ती आतड्यात पोचल्यावरच चालू व्हायला हवीत. पित्ताचा खडा नळीत अडकला किंवा दारूचा मारा झाला, की ती स्वादुपिंडातच चालू होऊ शकतात. पेशी फुटतात आणि त्यांच्यातला माल बाहेर सांडतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा याला हल्ला समजते. खरं तर सुरुवातीला तिथे एकही जंतू नसतो!

मग धावतात न्यूट्रोफिल, म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींची पहिली फौज. ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना हे कळेल: एक सर्व्हिस पडते, बाकीच्या सारखं रिट्राय मारत राहतात आणि त्या गर्दीनेच धडधाकट सर्व्हरही झोपतो.

इथे धडधाकट सर्व्हर म्हणजे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर. सुजेचे सिग्नल मिळाले की ते चिकट होतं, न्यूट्रोफिल त्याला चिकटतात आणि जंतू मारण्यासाठी ठेवलेली हत्यारं तिथेच चालवतात. त्यातलं एक इलास्टेज. अस्तराच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिनं ते कापतं. काही न्यूट्रोफिल तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ही जाळी पहिल्यांदा दाखवली. जंतू पकडायला ती मस्त, पण बारीक वाहिन्यांत तीच रक्त गोठवते.

म्हणजे नुकसान दुहेरी. काही वाहिन्या गळतात, काही तुंबतात. सिंहस्थात रामकुंडाकडच्या गल्ल्या तुंबतात ना, तसंच. तुंबल्या की स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि त्याचा काही भाग मरू शकतो. गळल्या की रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, किडनीवर ताण येतो. आणि सिग्नल रक्तातून सगळीकडे फिरत असल्यामुळे फुप्फुसातल्या वाहिन्याही गळतात. म्हणून श्वास लागतो.

आता सलाईन. रक्तातलं कमी झालेलं पाणी भरून काढायला ते लागतंच. पण पाइप गळका असताना नळ फुल्ल सोडला तर? २०२२ मध्ये 'वॉटरफॉल' नावाच्या चाचणीचे निकाल आले. भारतासह चार देशांतले २४९ रुग्ण त्यात होते. भरभर सलाईन दिलेल्या गटात २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्के. फायदा काही वाढला नाही, त्यामुळे चाचणी मध्येच थांबवली. म्हणून डॉक्टर लघवी मोजतात, रक्त पुन्हा पुन्हा तपासतात आणि त्यानुसार सलाईन कमी-जास्त करतात. नातेवाइकांनी "अजून एक बाटली लावा" म्हणून मागे लागण्यात अर्थ नाही.

बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात. मित्राचे बाबाही घरी आलेत. पण पोटाच्या वरच्या भागात जबरदस्त दुखणं, ते पाठीपर्यंत जाणं, सोबत उलट्या, असं असेल तर अँटासिड घेऊन सकाळची वाट बघू नका. वाहिन्या गळायला लागतात त्या पहिल्या काही तासांतच.

घरच्या ग्रुपवर हा भाग नक्की टाका. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!