हत्तीवरचा कार्लो खान

१७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत डहाणूपासून वसईपर्यंतचा किनारा पोर्तुगीज फिरंग्यांच्या अमलातून सुटून मराठ्यांकडे आला. त्यातील साष्टी आणि वसई यांच्या लोभापायी मुंबईकर इंग्रजांनी १७७५ साली पेशवेपदाचे दावेदार राघोबादादांशी सुरतेचा तहनामा केला आणि पेशव्यांशी युद्ध ओढवून घेतले. सात वर्षांनी सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली. परंतु तोवर ईस्ट इंडिया कंपनीच्या खजिन्याची दुर्दशा झाली होती, आणि बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज व मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी यांना परत बोलवावे, असा ठराव मे १७८२ मध्ये लंडनच्या कॉमन्स सभेने संमत केला होता.

पुढल्या वर्षी मंत्री चार्ल्स फॉक्स याने कंपनीचा कारभार सात आयुक्तांच्या हाती देणारे विधेयक मांडले. हे सातही जण त्याच्याच बाजूचे, म्हणजे हिंदुस्थानातील साऱ्या नेमणुका त्याच्या मुठीत जाणार, ही विरोधकांची भीती जेम्स सेयर्स या चित्रकाराने ५ डिसेंबर १७८३ च्या एका व्यंगचित्रात साकार केली. पौर्वात्य पोशाखातला फॉक्स ‘कार्लो खान’ होऊन हत्तीवरून कंपनीच्या कचेरीकडे चालला आहे, हत्तीला त्याचा सहकारी लॉर्ड नॉर्थ याचे तोंड आहे, आणि पुढे फॉक्सच्या पक्षाचा एडमंड बर्क तुतारी फुंकीत आहे.

अशी चित्रे काढताना तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेखाटन करीत, उघड्या पडलेल्या रेषा तेजाबाने कोरून घेत, आणि त्यांत शाई भरून कागदावर ठसे उमटवीत. ते दुकानांच्या खिडक्यांत लागत, त्यामुळे ज्याच्या खिशात शिलिंग नाही त्यालाही रस्त्यातून पाहता येत. शिवाय मुद्रणपूर्व परवान्याचा कायदा १६९५ सालीच संपुष्टात आल्याने मंत्र्याची अशी विटंबना छापावयास कोणाची इजाजत लागत नसे. महिना संपण्यापूर्वी लॉर्डांच्या सभेने विधेयक फेटाळले आणि राजाने मंत्रिमंडळ बडतर्फ केले. पार्लमेंटातील भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनीच आपले अधिक नुकसान केले, असे फॉक्स म्हणाल्याचे सांगतात. नवा प्रधान धाकटा पिट याने सेयर्सला पुढे सरकारी पद बहाल केले.

सत्ताधीशाला भर रस्त्यात हास्यास्पद करू शकणाऱ्या या कलेविषयी मला मनापासून आदर वाटतो. तरीही हे चित्र पाहताना आपल्या किनाऱ्याच्या वाचकाला खंत वाटल्यावाचून राहत नाही. बर्कच्या तुतारीला लटकतो तो बंगालचा नकाशा, हत्ती हिंदुस्थानचा परंतु मुखवटा इंग्रज मंत्र्याचा, आणि वाद केवळ एवढाच की नेमणुका कोणी कराव्यात. ज्या मुलखासाठी फौजा झुंजल्या, त्या मुलखातला एकही माणूस या मिरवणुकीत नाही.