ओट्स राहू द्या, नागली काढा!

डाएट सुरू म्हणून आधी ओट्सचं पाकीट आणलंत ना? चिंचपाड्यात राहून! घरातल्या नागलीत बघा, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. कॅलरी मात्र गव्हाइतक्याच, ३२०च्या आसपास. म्हणजे नुसती नागली खाऊन वजन उतरत नाही. भाकरी दोनाऐवजी एक घ्या, सोबत वाटीभर घट्ट वरण. नवापूरच्या तूरडाळीला जीआय मानांकन आहे, उगाच नाही! डाळ कुकरला लावा, तोवर मेथी लसणावर परता. तेल एकच चमचा. अर्ध्या तासात ताट तयार. आणि हो, सकाळी उपाशी कॉलेज गाठू नका. दुपारचे दोन वडापाव त्यातूनच येतात.