ओर्वो : उदय आणि अस्त

आमच्या घरी आजीचा एकच फोटो आहे. गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्याची निगेटिव्ह मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. उजेडासमोर धरली, तेव्हा कडेला बारीक अक्षरे दिसली : 'ओर्वो एनपी २०'. काकांना विचारले, तर म्हणाले, "अरे, कोडॅक आमच्या खिशाला कुठली परवडायची? आमची आपली ओर्वो!" ही ओर्वो आली कुठून, याचा शोध घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ओर्वो म्हणजे 'ओरिजिनल वोल्फेन'. वोल्फेन हे जर्मनीच्या पूर्व भागातील गाव. तेथील आग्फा कंपनीच्या कारखान्यात १९१० साली फिल्म तयार होऊ लागली. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिन व चांदीच्या क्षारांचा पातळ लेप. प्रकाश पडलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. रंगीत फिल्मला असे तीन थर लागतात आणि प्रत्येक थरातील रंगजनक द्रव्य आपल्याच थरात राहावे लागते. विल्मान्स व श्नायडर या शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याच्या रेणूला लांब शेपूट जोडले, आणि ते जागीच रुतून बसले. त्यातूनच १९३६ साली आग्फाकलर फिल्म आली. याच कारखान्यात महायुद्धाच्या काळात छळछावणीतील स्त्रियांना राबवले गेले, हेही विसरता येत नाही.

१९४५ साली वोल्फेन आधी अमेरिकन आणि मग सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेले. यंत्रसामग्रीचा काही भाग युक्रेनमधील शोस्त्का येथे नेण्यात आला. तेथील फिल्म पुढे 'स्वेमा' या नावाने प्रसिद्ध झाली. 'आग्फा' हे नाव पश्चिम जर्मनीतील कंपनीही वापरत होती. अखेर १९६४ साली वोल्फेनने 'ओर्वो' हे नाव धारण केले. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले, डॉलर मोजावे लागत नसत. म्हणून ही फिल्म आपल्याकडे स्टुडिओपासून सिनेमापर्यंत सर्वत्र पोहोचली.

भरभराटीच्या काळात तेथे सुमारे १५ हजार माणसे काम करीत, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया. लेप देण्याचे काम अंधारात चाले. कारखान्याचे सांडपाणी मात्र जवळच्या जुन्या खाणीत साठत गेले.

मग १९९० चा जुलै उजाडला. पूर्व जर्मनीत पश्चिमेचे चलन लागू झाले. पूर्व युरोपातील गिऱ्हाइकांना ते परवडेना, आणि घरचे गिऱ्हाईक कोडॅक व फुजीकडे वळले. १९९४ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली. माल एका रात्रीत वाईट झाला नव्हता. ज्या बाजाराच्या आधारावर तो उभा होता, तो बाजारच नाहीसा झाला. डिजिटल कॅमेऱ्याचे युग तर अजून यायचे होते! जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

मी ती निगेटिव्ह स्टुडिओत नेऊन नवा फोटो काढून घेतला. कृष्णधवल निगेटिव्हमधील चित्र चांदीचे असते, ते रंगद्रव्यासारखे सहज विटत नाही. आजीच्या नथीतला मोती न् मोती स्पष्ट आला. ज्या देशात ती फिल्म तयार झाली, तो देश नकाशावर उरला नाही. अंधारात उभे राहून तो लेप देणाऱ्या कोणा अनामिक स्त्रीचे हात मात्र आमच्या घरात अजून काम करीत आहेत.